चातुर्मासात सोशल मीडिया सोडण्याचा नेम: कसा घ्यावा, कसा निभवावा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आषाढी ते कार्तिकी इन्स्टाग्राम आणि फेसबुक सोडून तो वेळ नामस्मरणाला द्यावा असं मनात आलंय. पण घरगुती फराळाच्या ऑर्डरी इन्स्टाग्रामवरूनच येतात, आणि मुलीच्या शाळेचा ग्रुप व्हॉट्सअॅपवर आहे. सासूबाई म्हणतात, "फोन सोडणं हा काय नेम झाला? नेम म्हणजे कांदा-लसूण, वांगं." मध्येच मोडला तर दोष लागेल का, ही धास्ती आहे. आणि कीर्तनं-अभंग तर फोनवरच ऐकता, मग त्यांचं काय, हेही विचारलंय.

मी कीर्तनकार आहे. चातुर्मासात निरूपण संपलं की बायका-पुरुष नेमाबद्दल विचारायला थांबतात. पूर्वी उपवासाला काय चालतं, पोथी कोणती घ्यावी, उद्यापन कसं करावं, असे प्रश्न असायचे. आता फोनबद्दल विचारणारे खूप असतात, आणि त्यात नुसती तरुण मुलंच नसतात. रात्री दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघत बसणारे सत्तरीतले आजोबाही असतात. त्यांच्याशी बोलून, त्यांचे नेम तडीला जाताना आणि मध्येच सुटताना पाहून जे कळलं ते लिहिते.

सासूबाईंचं आधी घेते, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांची साथ असली की हा नेम निम्मा सोपा होतो. चातुर्मासाचे नेम कधीच फक्त ताटापुरते नव्हते. कुणी मौनाने जेवायचं, कुणी चटईवर झोपायचं, कुणी रोज तेहतीस गोपद्मं काढायचं, कुणी लाख वाती करायचं, कुणी चार महिने न चुकता पोथी ऐकायला जायचं. जेवताना मौन हा जिभेच्या दुसऱ्या कामाचा नेम आहे, पोथी ऐकणं हा कानांचा. तुमचा नेम डोळ्यांचा आणि हाताचा आहे. सासूबाईंना एकदा निवांत विचारा, त्यांनी तरुणपणी कोणकोणते नेम केले. त्यांच्या यादीत खाण्याशी संबंध नसलेला एक तरी नेम निघेल, आणि तिथून बोलणं सुरू होईल. वाद घालू नका. त्या कांदा-लसूण सोडणार असतील तर तुम्हीही सोडा. दोन नेम एकत्र चालतात.

आणि ही आपल्याकडचीच गोष्ट नाही. वसईतले ख्रिस्ती बांधव राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत उपवासकाळ पाळतात. २०२० साली राखेच्या बुधवारीच पोप फ्रान्सिस यांनी टीव्ही बंद करून बायबल उघडा, मोबाइलपासून दूर होऊन शुभवर्तमानाशी जोडून घ्या, असं सांगितलं होतं. इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात फोन पहिल्याच दिवशी जमा करावा लागतो. ज्याला आत वळायचं आहे त्याला बाहेरची ये-जा थोडी थांबवावी लागते, हे सगळ्या वाटांनी ओळखलेलं आहे.

आता खरी मेहनतीची गोष्ट, म्हणजे संकल्प. "मी चार महिने सोशल मीडिया सोडते" हा संकल्प मला फार मोठा आणि फार ढगळ वाटतो. यूट्यूब त्यात येतं का? व्हॉट्सअॅपचं स्टेटस? नवऱ्याच्या फोनवर त्याने दाखवलेली रील? नणंदेने पाठवलेली लिंक? हे आधी ठरवलं नाही, तर रोज मनाशी वकिली करावी लागते आणि मन हा फार हुशार वकील आहे. अशा रोजच्या वाटाघाटींनीच माणूस थकतो, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात "जाऊ दे" म्हणून सोडून देतो. म्हणून संकल्प कागदावर लिहा, आणि वाचणाऱ्याला प्रश्न पडणार नाही असा लिहा. तुमच्यासाठी मी असा सुचवीन: "आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत मी माझं खासगी इन्स्टाग्राम आणि फेसबुक उघडणार नाही. कुणाच्याही फोनवर रील्स पाहणार नाही. व्हॉट्सअॅपवर स्टेटस पाहणार नाही आणि ठेवणार नाही. व्हॉट्सअॅपचे निरोप दिवसातून दोनदा पाहीन. व्यवसायाचं खातं आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, फक्त ऑर्डरींसाठी उघडीन. ही सेवा विठ्ठलचरणी." एवढं बोलून, हातावर पाणी घेऊन ताम्हनात सोडा. उदक सोडलं की नेम स्वतःशी केलेल्या नुसत्या ठरावासारखा राहत नाही, कुणाला तरी दिलेला शब्द होतो. वैतागून फोन आपटणं आणि देवासमोर उदक सोडणं यांतला फरक मला पंधरा दिवसांनी स्पष्ट दिसतो. वैताग तोवर विरलेला असतो आणि त्यावर उभा राहिलेला त्यागही त्याच्याबरोबर गेलेला असतो.

सवलती ठेवल्या म्हणजे नेम कच्चा झाला, असं मानू नका. त्या संकल्पाआधी उच्चारलेल्या असाव्यात, एवढीच अट. गांधीजींचं सोमवारचं मौन प्रसिद्ध आहे. २ जून १९४७ ला, फाळणीच्या योजनेवर बोलायला ते माउंटबॅटन यांच्याकडे गेले तो दिवस नेमका सोमवार. त्यांनी जुन्या पाकिटांच्या पाठीवर लिहून उत्तरं दिली आणि त्यातच कळवलं की मौनाचा निश्चय करतानाच दोन अपवाद ठेवले होते: तातडीच्या कामासाठी मोठ्या अधिकाऱ्यांशी बोलणं आणि आजाऱ्यांची शुश्रूषा. सवलत हाताशी असूनही त्यांनी ती वापरली नाही, पण ती आधीपासून ठरलेली होती. आपल्या परंपरेतही आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही असं वचन आहे: पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविष्य (होमात अर्पण करायचं अन्न), ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. म्हणजे व्रत सांगणाऱ्यांनीच आजारपणाची आणि वडिलांच्या शब्दाची सोय करून ठेवली आहे. मुलीच्या शाळेचा निरोप, घरातल्या आजाऱ्याचे रिपोर्ट, वडिलांचा व्हिडिओ कॉल, हे सगळं मी या औषधाच्या आणि वडीलधाऱ्यांच्या शब्दाच्या रांगेत बसवते. त्याने तुमचा नेम मोडत नाही.

फराळाच्या व्यवसायाचं मात्र नीट बघा. दिवाळी चातुर्मासातच येते आणि तुमच्या वर्षाच्या कमाईचे ते दिवस. देवाच्या नावाने घरची मिळकत बुडवावी असं कुठल्याच संतांनी सांगितलेलं नाही. प्रपंच नीट चालवून परमार्थ करा, हेच सगळ्यांचं सांगणं. खासगी आणि व्यवसायाचं खातं एकच असेल तर आषाढीच्या आधी वेगळं करा. जुन्या गिऱ्हाइकांना फोन नंबर देऊन ठेवा आणि ऑर्डर फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर द्या असं कळवा. चकली-अनारशांचे फोटो आधीच काढून ठेवले तर ऐनवेळी कॅमेरा, फिल्टर आणि मग तासभर इतरांचे फराळाचे फोटो, हे चक्र सुरू होत नाही. शक्य असेल तर व्यवसायाचं खातं भाचीला किंवा मैत्रिणीला चालवायला द्या आणि तिला त्याचे पैसे द्या. ते न जमलं तर स्वतः उघडा, पण लॅपटॉपवर, बसून, ऑर्डरींची वही शेजारी ठेवून. पलंगावर आडवं होऊन उघडलेलं व्यवसायाचं खातं पाच मिनिटांत खासगी होतं.

तांत्रिक बाजूही थोडी सांगते, कारण भक्तीच्या भरात लोक खातंच डिलीट करून टाकतात. फेसबुक आणि इन्स्टाग्राममध्ये खातं डिलीट करायला सांगितलं की तीस दिवसांची मुदत असते, त्यानंतर ते परत मिळत नाही. आपला नेम तर चार महिन्यांचा. खातं तात्पुरतं बंद करा, नाहीतर नुसतं अॅप फोनवरून काढा, पुरे आहे. पासवर्ड बदलून नवऱ्याकडे दिलात तर आणखी बरं. व्हॉट्सअॅपही पूर्ण बंद ठेवायचा कुणाचा विचार असेल तर लक्षात घ्या, १२० दिवस वापर नसलेलं खातं ते साधारणपणे काढून टाकतात. चातुर्मास नेहमीच्या वर्षी ११८ दिवसांच्या आसपास असतो, म्हणजे अगदी काठावर. अधिक महिना मध्ये आला, जसा २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता, तर पाच महिने होतात आणि खातं जातं. तुम्ही दिवसातून दोनदा पाहणार असल्याने तुम्हाला ही अडचण नाही. ग्रुप सगळे म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका, शाळेचा आणि घरचा एवढे दोनच वर ठेवा.

पहिले दोन आठवडे कसे जातात ते सांगते. दुपारी ओटा आवरून झाला, हात पुसले, खुर्चीत टेकलात की अंगठा आपोआप फोन उघडतो आणि जिथे अॅप होतं त्या रिकाम्या जागेवर जाऊन थांबतो. तिथे मेसेज, हवामान, बँक, जे सापडेल ते उघडलं जातं. काही जणी तर गॅलरीतले जुनेच फोटो पुन्हा पुन्हा वर-खाली करत बसतात. याला घाबरू नका. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हे फार स्पष्ट सांगितलं आहे: आहार सोडणाऱ्यापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे राहते, आणि ती गोडी परमात्म्याचं दर्शन झाल्यावरच सरते. तुमचं अॅप गेलं आहे, गोडी अजून आहे. ती हाताने ओढून काढता येत नाही. तिच्यापेक्षा गोड काही तिच्या शेजारी ठेवावं लागतं आणि वाट पाहावी लागते.

म्हणून सोडण्याबरोबर काय धरायचं हेही त्याच संकल्पात यायला हवं, आणि तेही ठोस. "नामस्मरण करीन" एवढं पुरत नाही. ज्ञानेश्वरीच्या ९,००० हून थोड्या जास्त ओव्या आहेत. रोज पंचाहत्तर-ऐंशी ओव्या वाचल्या तर आषाढीला सुरू केलेलं वाचन कार्तिकीला पूर्ण होतं. हे मला चातुर्मासासाठी फार सुंदर माप वाटतं. एवढं झेपणार नसेल तर संध्याकाळी हरिपाठ म्हणा, मुलीला शेजारी बसवून, टाळ असेल तर टाळ घेऊन. पाठ नसेल तर पुस्तकात बघून म्हणा, कार्तिकीपर्यंत बराचसा पाठ होईल. आणि दिवसभरात जेव्हा जेव्हा अंगठा त्या रिकाम्या जागेवर जाईल, तेव्हा फोन खाली ठेवून एकदा "रामकृष्णहरि" म्हणा. एकदाच. त्या क्षणी माळ घेऊन बसायची सक्ती स्वतःवर करू नका. ती चार दिवस टिकते. एक नाम टिकतं. दिवसाला कितीदा तरी अंगठा तिकडे जाईल, आणि तितक्या वेळा देव आठवेल. ज्या सवयीने आजवर वेळ नेला तीच आठवण करून देऊ लागते. मला या नेमातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि पहिल्याच आठवड्यात तो हाती लागतो.

फोनला घरात एक जागा द्या. देवघराजवळ नको, उशाशीही नको. दाराजवळ, किल्ल्या ठेवतो तिथे. पोथी मात्र तुम्ही टेकता त्या खुर्चीच्या हाताशी ठेवा.

सर्वांत अवघड जातात ते सण. राखी, गणपती, नवरात्र, दिवाळी, सगळे या चार महिन्यांतच. गौरींची आरास केली, मखर सुंदर झालं, आणि ते कुणाला दाखवायचं नाही? नवरात्रात रोजच्या रंगाची साडी नेसून ऑफिसातल्या सगळ्यांचा फोटो निघतो आणि त्यात तुम्हीही असता. इथे मनाला खरंच टोचतं, आणि ते टोचणं खोटं नाही. आपलं केलेलं चार माणसांनी पाहावं ही इच्छा वाईट नाही. माझा सल्ला असा की फोटो टाकायच्या ऐवजी माणसं बोलवा. गौरीच्या हळदीकुंकवाला यंदा दोन घरं जास्त सांगा. ज्यांना बोलावणं शक्य नाही, अमेरिकेतली बहीण असेल, त्यांना एकेकीला फोटो पाठवा आणि खाली दोन ओळी लिहा. साडीच्या फोटोत उभ्या राहा, कुणी तो टाकला तर टाकू दे. तुमचा नेम न पाहण्याचा आहे, सहकाऱ्यांना अवघडून टाकण्याचा नाही.

वाढदिवस आणि मयत या दोन गोष्टींची सोय आधी करा. हल्ली कुणी गेल्याची बातमी ग्रुपवर येते आणि दिवसभरात न पाहिलेल्याला कळतच नाही. नात्यातल्या एका आणि सोसायटीतल्या एका व्यक्तीला सांगून ठेवा की असं काही झालं तर मला फोन करा. जवळच्यांचे वाढदिवस कालनिर्णयवर लिहून काढा. ज्यांना इतकी वर्षं फेसबुकवर केकचं चित्र टाकत होतात, त्यांना फोन करून पाहा.

आता कीर्तनं-अभंग. इथे मी थोडी कडक आहे. पूर्ण कीर्तन, ठरवून निवडलेलं, आधी डाउनलोड करून घेतलेलं, भाजी निवडताना किंवा देवपूजेच्या वेळी लावलं तर खुशाल ऐका. ते श्रवण आहे. पण कीर्तनातल्या एका मिनिटाच्या तुकड्यांच्या रील्स या नेमात बसत नाहीत, माझ्या स्वतःच्या कीर्तनातल्या असल्या तरी. एक तुकडा संपला की पुढे काय येणार हे तुम्ही ठरवलेलं नसतं. डोळे भरून आले असताना पुढच्या सेकंदाला साबणाची जाहिरात येते, आणि आलेला भाव वाहून जातो. वारीच्या दिवसांत तर पालखीच्या रिंगणाचे, दिंड्यांचे इतके व्हिडिओ येतात की ते पाहूनच वारी झाल्यासारखं वाटायला लागतं. तुमच्या जवळच्या विठ्ठलमंदिरात एकादशीला जाऊन उभ्या राहा, अर्धा तास भजन ऐका. आषाढी-कार्तिकी धरून नेहमीच्या चातुर्मासात नऊ एकादश्या येतात. त्यातल्या जमतील तेवढ्या एकादश्यांना फोन घरी ठेवून जा.

मोडला तर काय, याचं उत्तर साधं आहे. तुम्ही माणूस आहात, मोडेल. एखाद्या रात्री झोप येत नाही म्हणून ब्राउझरमधून इन्स्टाग्राम उघडलं जाईल. त्या क्षणी बंद करा, दुसऱ्या दिवशी सकाळी देवासमोर सांगा, एक माळ जप जास्त करा, आणि नेम तिथून पुढे चालू. पहिल्यापासून मोजायचं नाही, महिनाभर स्वतःला बोल लावायचा नाही. "आता मोडलाच आहे तर आजचा दिवस बघून घेते" हा विचार मात्र ओळखून ठेवा. पाच मिनिटांची चूक त्यानेच पाच दिवसांची होते. पांडुरंग विटेवर उभा आहे तो हिशेबाची वही घेऊन नाही, एवढा भरवसा ठेवा. पण वरचेवर मोडू लागला, तर संकल्प फार मोठा घेतला असं समजा आणि तो देवासमोरच लहान करा: चार महिन्यांऐवजी फक्त श्रावण, किंवा रोज दिवेलागणीपासून झोपेपर्यंत. आणि फोन नसला की छातीत धडधड, रात्र-रात्र झोप नाही, रडू कोसळतं, असं होत असेल तर नेमाच्या भरवशावर राहू नका, डॉक्टरांना दाखवा. औषधाने व्रत मोडत नाही, हे वर आलंच आहे.

नेम घेतल्याची घोषणा करू नका. गिऱ्हाइकांना आणि शाळेला कामापुरतं कळवणं वेगळं. पण "देवासाठी सोशल मीडिया सोडतेय, भेटू कार्तिकीला" असं टाकलं की त्या पोस्टला किती जणांनी काय म्हटलं हे पाहायची ओढ पहिल्याच रात्री लागते. घरच्यांना सांगा, एखाद्या मैत्रिणीला सांगा, बास. आणि फोनवर बसलेल्या इतरांना त्या चार महिन्यांत एकही शब्द बोलू नका, विशेषतः नवऱ्याला. ज्या घरात एकीचा नेम बाकीच्यांना टोचायला लागतो तिथे तो नेम कुणालाच गोड लागत नाही.

घरच्यांना सामील करायचंच असेल तर सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावची रीत घ्या. कडेगाव तालुक्यातल्या या गावाने २०२२ साली ठरवलं आणि तिथे रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला, की घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला, मोठी माणसं वाचायला किंवा गप्पांना. साडेआठला पुन्हा भोंगा. दीड तासच, पण सगळ्यांचा एकदम, म्हणून कुणाला शिक्षा वाटत नाही. तुमच्याकडे भोंग्याची गरज नाही. सासूबाईंनी देवापाशी दिवा लावला की सगळ्यांचे फोन दाराजवळच्या त्या जागेवर, आणि त्यांनीच शुभंकरोति सुरू करायचं. हा मान त्यांना दिलात तर "हा काय नेम झाला?" हा प्रश्न पुन्हा निघणार नाही असं मला वाटतं.

राहिलं उद्यापन. चातुर्मासात जी वस्तू सोडली तिचं शेवटी दान करायचं ही आपली रीत: तूप सोडलं तर तूप, मीठ सोडलं तर मीठ. तुम्ही सोडलेली वस्तू वेळ आहे, तेव्हा दानही वेळेचंच करा. तुमच्याच इमारतीत एकटं राहणारं कुणी म्हातारं माणूस असेल, त्यांना कार्तिकीनंतर आठवड्यातून एक दुपार द्या, पेपर वाचून दाखवा, औषधं आणून द्या. द्वादशीला पारणं सोडल्यावर लगेच अॅप टाकू नका. तुळशीचं लग्न होऊ द्या, पौर्णिमा होऊ द्या. मग एका कागदावर लिहा की या चार महिन्यांत कोणाची खरोखर आठवण आली, कशावाचून अडलं. तेवढीच खाती परत जोडा. रोजच्या ऐंशी ओव्या झेपल्या असतील तर दहा-वीस तरी चालू ठेवा, आणि फोन दाराजवळच राहू द्या.